संशोधनाचा डेटा खुला करताय? या चुका टाळा

स्तंभाचं नाव होतं ‘टी2’. त्याखाली दोनशेच्या वर आकडे, सगळे 18 ते 31 च्या दरम्यान. रेपॉझिटरीत, म्हणजे डेटा जपून सर्वांसाठी ठेवणाऱ्या संग्रहात, चढवण्याआधी डेटा तपासून देणं हे माझं काम, म्हणून फाइल उघडून बसले होते. मला वाटलं, टी म्हणजे तापमान. आकडेही तसेच दिसत होते. शेजारी बसणाऱ्या संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याला वाटलं, टी म्हणजे टाइम, दुसऱ्या वेळची नोंद. शेवटी फाइल पाठवणाऱ्या शेतीशास्त्राच्या गटाला फोन लावला तेव्हा कळलं, टी म्हणजे ट्रीटमेंट. खताची दुसरी मात्रा दिलेले वाफे, आणि आकडे होते रोपांच्या उंचीचे, सेंटिमीटरमध्ये. “आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं,” असं पलीकडून उत्तर आलं. ते खरंही होतं.

खुल्या डेटाची बहुतेक दुखणी या ‘आमच्यात’पासून सुरू होतात. फाइल जगभर पोचते, पण ती वाचायला लागणारं निम्मं ज्ञान प्रयोगशाळेतल्या चार माणसांच्या डोक्यातच राहतं. आणि तुमच्या डेटाचा सगळ्यात मोलाचा वाचक बाहेरच्या विषयातला असू शकतो. प्रोटीन डेटा बँक 1971 मध्ये अवघ्या 7 रचनांनिशी सुरू झाली. प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांची रचना शोधणाऱ्यांनी पन्नास वर्षं तिच्यात भर घातली, आणि त्याच साठ्यावर शिकून अल्फाफोल्ड हे प्रथिनांची रचना वर्तवणारं संगणकीय साधन तयार झालं. त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हसाबिस संगणकाच्या जगातून आलेले. 1971 साली रचना जमा करणाऱ्यांच्या स्वप्नातही असा वाचक आला नसेल. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या रोजनिशांचंही तसंच. खलाशांनी त्या जहाज चालवण्यासाठी लिहिल्या. 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात स्वयंसेवकांनी त्या उतरवून काढल्या, आणि आज हवामानशास्त्रज्ञ त्यातले हवेचे दाब वापरतात. हे जमलं, कारण प्रत्येक नोंदीशेजारी तारीख, ठिकाण आणि मोजमाप नीट लिहिलेलं होतं.

‘मागितल्यास डेटा देऊ’ असं लिहून थांबणं

हे वाक्य लिहिताना बहुतेकांच्या मनात खोट नसते. पण ते पाळलं जात नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘मागितल्यास देऊ’ असं लिहिणाऱ्या 1,792 शोधनिबंधांच्या लेखकांकडे खरोखरच डेटा मागितला गेला. दिला फक्त 122 जणांनी. त्याआधी, 2014 मध्ये, 1991 ते 2011 या काळातल्या 516 निबंधांचा मागोवा घेतला गेला होता. निबंध जितका जुना, तितकी डेटा हाती लागण्याची शक्यता दरवर्षी सुमारे 17 टक्क्यांनी घटत होती. ईमेल पत्ते बंद पडलेले, डेटा अशा डिस्कवर की ती वाचणारं यंत्रच उरलेलं नाही.

विभागाच्या वेबसाइटवर फाइल टाकणं हाही उपाय नाही. वेबसाइट नव्याने बांधली की दुवा तुटतो. डीओआय, म्हणजे न बदलणारा कायमचा ओळखक्रमांक, देणाऱ्या रेपॉझिटरीतच डेटा ठेवा. आधी तुमच्या विषयाचं घर शोधा: जनुकक्रम जेनबँकेत, प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत, प्राणी-वनस्पती कुठे दिसल्या त्याच्या नोंदी जीबीआयएफकडे, सर्वेक्षणं सामाजिक शास्त्रांच्या संग्रहात. कुठलं घर आहे हेच माहीत नसेल तर रीथ्रीडेटा या सूचीत विषयानुसार शोधता येतं. विषयाचं घर नसेल तर झेनोडो, ड्रायड, फिगशेअर यांसारखी सर्वांसाठी असलेली ठिकाणं आहेतच.

आंतरशाखीय प्रकल्पांत इथे एक खास अडचण येते. नदीच्या प्रदूषणावरच्या प्रकल्पात पाण्याची रासायनिक तपासणी असते, माशांच्या नोंदी असतात आणि काठावरच्या लोकांच्या मुलाखतीही असतात. सगळं एका झिप फाइलमध्ये कोंबलं की रसायनवाल्याला ते सापडत नाही, समाजशास्त्रज्ञालाही नाही, आणि मुलाखतींच्या गोपनीयतेपायी बिचारे मासेही कुलुपात अडकतात. असा डेटा तोडा. प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या घरी ठेवा आणि प्रत्येकाच्या मेटाडेटात, म्हणजे डेटाविषयीच्या माहितीत, उरलेल्या भागांचे डीओआय नोंदवा. रेपॉझिटरीच्या फॉर्ममध्ये ‘संबंधित नोंदी’साठी रकाना असतो, तो लोक जवळजवळ नेहमी रिकामा सोडतात.

रीडमीत शोधनिबंधाचा सारांश डकवणं

रीडमी म्हणजे डेटासोबत दिलेली, तो समजावून सांगणारी फाइल. माझ्याकडे येणाऱ्या फायलींमधली ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागडीही. निबंधाचा सारांश सांगतो की तुम्हाला काय सापडलं. फाइल उघडणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: ही ओळ म्हणजे काय? एक रुग्ण, की त्या रुग्णाची एक भेट? हा स्तंभ कुठल्या एककात? हा आकडा थेट यंत्राचा, की तुम्ही आधीच सरासरी काढून लिहिलेला? कुठल्या ओळी तुम्ही वगळल्या, आणि का?

शेवटचा प्रश्न लोकांना अवघड वाटतो, म्हणून तो टाळला जातो. पण दुसऱ्या विषयातला माणूस तिथेच फसतो. पाण्याच्या एका डेटात अमुक पातळीखालचे सगळे आकडे गायब होते. उपकरणाला त्याखालचं मोजताच येत नव्हतं, हे रसायनशास्त्राच्या गटाला सांगावंसंही वाटलं नाही. तो डेटा घेऊन बसलेल्या साथरोगाच्या अभ्यासकाला मात्र वाटलं असतं की स्वच्छ पाणी इथे नाहीच. एका ओळीचा खुलासा घातला आणि प्रश्न मिटला.

शब्दांचा घोळ तर याहून फसवा असतो, कारण दोन्हीकडे शब्द तोच असतो. रसायनशास्त्रज्ञाचं ‘सॅम्पल’ म्हणजे एक कुपी. संख्याशास्त्रज्ञाचं ‘सॅम्पल’ म्हणजे निवडलेली चारशे माणसं मिळून एक. ‘सॅम्पलची संख्या 12’ असं रीडमीत दिसलं की दोघं दोन वेगळ्या गोष्टी वाचतात, आणि दोघांनाही शंका येत नाही. ‘मॉडेल’, ‘कंट्रोल’, ‘क्षेत्र’ हे शब्दही त्याच जातीचे. असा शब्द आला की पुढे एका वाक्यात त्याचा तुमचा अर्थ लिहून टाका.

उपाय साधा आहे, पण त्यासाठी एक माणूस लागतो. रीडमी आणि फाइल दुसऱ्या विभागातल्या कुणाच्या तरी हातात द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. तो पहिला प्रश्न कुठे विचारतो ते टिपा. त्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका, रीडमीत लिहा. मग त्याला पुन्हा वाचायला सांगा. साधारण अर्ध्या तासात पाच-सहा त्रुटी सहज हाती लागतात. स्तंभांची नावं, अर्थ, एकक, शक्य असलेली मूल्यं आणि संकेतांचा खुलासा ही यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली तर उत्तम. सामाजिक शास्त्रांत तिला कोडबुक म्हणतात, इतरत्र डेटा डिक्शनरी.

तक्त्यातल्या रिकाम्या घरात शून्य, 99 किंवा काहीच नाही

सर्वेक्षण करणाऱ्यांना 99 हा आकडा पाहिला की लगेच कळतं: उत्तर दिलं नाही. हवामानवाल्यांना उणे 9999 दिसलं की कळतं: यंत्र बंद होतं. यंत्र-शिक्षण (मशीन लर्निंग) शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो वयाच्या स्तंभाची सरासरी काढतो, आणि उत्तर न देणारे सगळे 99 वर्षांचे होऊन बसतात. उणे 9999 निदान डोळ्यात भरतं, 99 मात्र अगदी खरं वय वाटतं, म्हणून ते जास्त धोक्याचं. शून्य सगळ्यात वाईट: पाऊस मोजलाच नाही आणि पाऊस पडलाच नाही, या दोन गोष्टी त्याने एक होतात.

घर रिकामं सोडा किंवा एकच संकेत सगळीकडे वापरा आणि तो रीडमीत सांगा. उत्तर नाकारलं, प्रश्न लागू नव्हता, नोंद हरवली, अशी कारणं महत्त्वाची असतील तर त्यांच्यासाठी वेगळा स्तंभ करा. एक बारीक गोष्ट: देशांच्या यादीत नामिबियाचा दोन अक्षरी कोड ‘एनए’ आहे, आणि आर किंवा पायथनच्या पांडाजसारखी डेटा हाताळणारी साधनं तीच दोन अक्षरं ‘माहिती नाही’ म्हणून वाचतात. फाइल उघडली की आख्खा देश नाहीसा होतो. तुमच्या डेटात देशांचे कोड असतील तर हे एकदा जरूर तपासा. असा घोळ दिसला तर तो स्तंभ मजकूर म्हणून वाचायला सांगा आणि ‘एनए’ला रिकामं समजणं बंद करा, किंवा तीन अक्षरी कोड वापरा.

एक्सेल जे गुपचूप बदलतं

एक्सेलशी माझं वैर नाही. निम्मं जग त्यातच नोंदी करतं, आणि करू दे. पण त्याला न विचारता सुधारणा करायची सवय आहे. ‘मार्च1’ आणि ‘सेप्ट2’ अशा नावांची जनुकं त्याने इतकी वर्षं तारखांमध्ये बदलली की 2016 च्या एका तपासणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हार मानून नावंच बदलली: मार्च1 आता मार्चएफ1 आहे, सेप्ट2 झालं सेप्टिन2. सॉफ्टवेअरपायी जीवशास्त्राला आपली नावं बदलावी लागली, याचा मला आजही विषाद वाटतो. 2023 पासून एक्सेलच्या सेटिंग्जमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करता येतं. ते बंद करा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची मुळं अशी:

कोडच्या सुरुवातीची शून्यं गेली, म्हणजे स्तंभ ‘संख्या’ म्हणून वाचला गेला. तो मजकूर म्हणून आयात करा. सोळा आकड्यांच्या ओळख क्रमांकात शेवटचा आकडा नेहमी शून्य दिसतो, कारण एक्सेल फक्त 15 अंक जपतं. इथे ती फाइल दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. मूळ अंक गेलेले असतात, मूळ नोंदींकडेच परत जावं लागतं.

देवनागरी किंवा इतर लिपींच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसत असतील तर फाइल बहुधा शाबूत असते, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीने) उघडलेली असते. ती बंद करा, आणि ‘सेव्ह’ अजिबात दाबू नका. मग ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ वापरून 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडा. सगळे आकडे एकाच स्तंभात आले तर फाइल अर्धविरामाने विभागलेली असेल. युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, तिथून आलेल्या फायलींत हे हटकून होतं. अशा फाइलमध्ये ‘1,234’ म्हणजे सव्वाच्या आसपास, हजाराच्या वर नव्हे. हे पाठवणाऱ्याला विचारूनच नक्की करा.

आणि ओळी अचानक कुठेतरी थांबल्या असतील तर मोजून पाहा. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत. इंग्लंडमध्ये 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच मर्यादेमुळे कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांपर्यंत वेळेत पोचता आलं नाही.

रंगांनी अर्थ सांगणं मात्र सर्वस्वी माणसाची चूक. पिवळ्या ओळी म्हणजे संशयास्पद, लाल म्हणजे वगळलेल्या, हे सीएसव्हीत, म्हणजे नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये, जातच नाही. ‘दर्जा’ नावाचा स्तंभ करा आणि शब्दांत लिहा.

तारखा आणि ठिकाणं

03/04/2019 ही तारीख एप्रिलची की मार्चची? वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, 2019-04-03, म्हणजे प्रश्नच उरत नाही. इतिहासाचा डेटा असेल तर दिनदर्शिका कुठली तेही लिहा: रशियातली ऑक्टोबर क्रांती जुन्या जुलियन गणनेने 25 ऑक्टोबरला झाली, ग्रेगोरियन गणनेने 7 नोव्हेंबरला. इतिहासकाराला हे पाठ असतं, त्याच्या तारखा हवामानाच्या नोंदींशी जोडणाऱ्याला नसतं.

नकाशावर ठिपके समुद्रात पडले तर पहिला संशय अक्षांश आणि रेखांश उलटे झाल्याचा घ्या. सगळे ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकाच जागी जमले असतील तर रिकाम्या घरांना शून्य मानलं गेलंय.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असं मानणं

या चुकीचा घाव संशोधकावर पडत नाही, विश्वासाने बोललेल्या माणसावर पडतो. म्हणून इथे मी जास्त कडक असते.

2006 मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर घेतलेले शोध ‘निनावी’ करून संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक होते. काही दिवसांतच पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका महिलेला गाठलं. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिन कोड एवढ्या तीन गोष्टींवर अमेरिकेतले सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरू शकतात. मुलाखतींमध्ये तर याहून कमी पुरतं. ‘बेटावरची एकमेव दाई’ असं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही.

जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी प्रदेश, व्यवसायाऐवजी व्यवसायाचा गट द्या. मग तुमच्या डेटात कुठलंही संयोजन एक-दोन माणसांपुरतंच उरतंय का ते मोजा. माणसांपुरताच हा प्रश्न नाही. दुर्मीळ पाली किंवा ऑर्किडची अचूक जागा छापली की चोरटे तिथे पोचतात, म्हणून अशा नोंदींची ठिकाणं मुद्दाम ढोबळ केली जातात. तसं केलंय हे मात्र सांगा, नाहीतर कुणीतरी तोच ढोबळ बिंदू अचूक समजून चालेल.

संमतिपत्रातलं एक वाक्य नंतर फार छळतं: ‘अभ्यास संपल्यावर माहिती नष्ट केली जाईल.’ ते सवयीने लिहिलं जातं, आणि एकदा सही झाली की ते वचन असतं. सहभागी लोकांकडे परत जाऊन नव्याने संमती घेता आली तर ठीक, नाहीतर तो डेटा खुला होणार नाही, हे मान्य करा. तरीही प्रश्नावली, मुलाखतींचा आराखडा, संकेतांची यादी आणि अभ्यासाची माहिती खुली करता येते. पुढच्या अभ्यासाचं संमतिपत्र मात्र आजच बदला.

इथेच ‘फेअर’ या शब्दाचा गोंधळ होतो. 2016 मध्ये मांडलेली फेअर तत्त्वं म्हणतात: डेटा सापडावा, मिळवण्याचा मार्ग स्पष्ट असावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. ‘सगळ्यांसाठी खुला’ असं त्यात कुठेही नाही. रुग्णांच्या नोंदी कुलुपात असूनही फेअर असू शकतात: त्या आहेत हे सगळ्यांना दिसतं, आणि कुणाकडे, कुठल्या अटींवर अर्ज करायचा तेही लिहिलेलं असतं. उलट, परवाना नसलेली, रीडमी नसलेली फाइल खुली असूनही फेअर नसते. आदिवासी आणि मूलनिवासी समाजांच्या माहितीबाबत 2019 मधल्या ‘केअर’ तत्त्वांनी आणखी एक प्रश्न पुढे आणला: त्या समाजाचा स्वतःच्या माहितीवर अधिकार किती? प्रत्येकाने वेगवेगळी सही दिली, म्हणजे समाजाची संमती मिळाली असं होत नाही.

परवाना न देणं, किंवा घाबरून भलताच देणं

परवाना नसलेला डेटा बघता येतो, पण जबाबदार माणूस तो वापरायला धजत नाही. संशोधनाच्या डेटासाठी सीसी झीरो (कुठलीही अट नाही) किंवा सीसी बाय (श्रेय द्यायची अट) पुरतं. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट सुरक्षित वाटते, पण तिचा अर्थ धूसर आहे: फी घेणाऱ्या विद्यापीठातला वर्ग व्यावसायिक का? ‘बदल नको’ तर डेटाला शोभतच नाही, कारण दोन डेटासंच जोडणं हाच बदल. वेगवेगळ्या अटींचे पाच संच एकत्र करायची वेळ आली की सगळ्यात कडक अट सगळ्यांना बांधते.

श्रेय मिळणार नाही, ही भीती मला समजते. सीसी झीरोतही उद्धृत करण्याचा शैक्षणिक रिवाज संपत नाही. रीडमीत ‘असं उद्धृत करा’ म्हणून तयार ओळ द्या, लोक ती उचलतात. आणि दुसऱ्याच्या संग्रहातल्या हस्तलिखितांची छायाचित्रं तुमच्या डेटात असतील, तर परवाना द्यायचा हक्क तुमचा आहे का ते आधी विचारा. छायाचित्रं देता येत नसतील तर तुमचं लिप्यंतर आणि टिपा वेगळ्या करून द्या.

“आमच्याकडे डेटा नसतोच”

हे वाक्य मानव्यविद्यांच्या लोकांकडून मी सतत ऐकते. मग ते टिपणांची वही दाखवतात: तीनशे शिलालेख, प्रत्येकाचं ठिकाण, अंदाजे काळ, वाचन, शंका. हा उत्तम डेटा आहे. ‘डेटा’ हा शब्द परका वाटत असेल तर साधनसंग्रह म्हणा. शंका मात्र पुसू नका. ‘वाचन अनिश्चित’ यासाठी स्तंभ ठेवा. पाठ खुणांसह द्यायचा असेल तर टीईआय हे रुळलेलं प्रमाण आहे, तसं सजीवांच्या नोंदींसाठी डार्विन कोअर आणि सर्वेक्षणांसाठी डीडीआय. स्वतःची नवी पद्धत घडवण्याआधी यातलं काही बसतं का ते पाहा.

प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर

फाइल गुपचूप बदलू नका. जुन्या आवृत्तीवर कुणीतरी आधीच काम केलेलं असू शकतं. नवी आवृत्ती चढवा. झेनोडोसारख्या ठिकाणी प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा डीओआय मिळतो, आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक वेगळा असतो. निबंधात नेमका वापरलेल्या आवृत्तीचा डीओआय द्या. काय बदललं ते रीडमीच्या वरच्याच भागात, तारखेसह लिहा: कुठला स्तंभ, किती ओळी, कशामुळे. खासगी माहिती चुकून बाहेर गेली असेल तर नवी आवृत्ती पुरत नाही, कारण जुनी तशीच उघडी राहते. त्या क्षणी रेपॉझिटरीला कळवून जुनी फाइल बंद करायला सांगा, आणि मग तुमच्या नीतिसमितीला कळवा, याच क्रमाने.

शेतीशास्त्राच्या त्या गटाने दुसऱ्या आवृत्तीत ‘टी2’ काढून ‘उंची_सेंमी_खतमात्रा2’ असं नाव दिलं. काही महिन्यांनी त्यांना एक ईमेल आला, वनस्पतींच्या वाढीचं गणित मांडणाऱ्या एका विद्यार्थिनीचा. तिचा प्रश्न एवढाच होता की उंची मातीपासून मोजली की पहिल्या पानापासून. तेही आता रीडमीत आहे.